बसलेल्या बाईचे पाय

वर्गातल्या पांढऱ्या पडद्यावर दहा चित्रं उजळली आणि मागच्या बाकावरून निघालेलं हसू बघता बघता पुढच्या बाकापर्यंत आलं. उंच, शिडशिडीत घोडेस्वार घोड्यासकट चटईसारखा पसरला होता. नदीतल्या होड्यांचं आडवं लांबलचक चित्र भिंतीच्या कोपऱ्यात ताठ उभं होतं, जणू होड्यांनी पाणी सोडून शिडी धरली होती. आणि सातव्या क्रमांकावरची, खुर्चीत बसलेली बाई दोन्ही अंगांनी अशी फुगली होती की खुर्चीचीच दया यावी.

"प्रदर्शनाचा विषय काय म्हणालात?" सरांनी विचारलं.

"प्रतीक्षा," पडद्याशी उभी असलेली बटण पुटपुटली; वर्गात त्या मुलीचं नावच तसं पडलं होतं.

"आहे खरी. चित्रं सरळ होण्याची."

पुन्हा हशा. बटणची प्रकल्पातली जोडीदार खिळेताई भिंतीलगतच्या बाकावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. वर्गातल्या सगळ्यांचं वय विशीच्या आगेमागे, हिचं अठ्ठेचाळीस. हसणाऱ्यांवर रागवावं तर आपणच आजी दिसू, आणि त्यांच्याबरोबर हसावं तर तेवढं मन मोठं नव्हतं. ती पडद्याकडे बघत राहिली.

चूक कोणाची हे ठरवायचं तर दोघींची, आणि तसं बघितलं तर कोणाचीच नाही. खिळेताई एकोणीस वर्षं शहरातल्या वस्तुसंग्रहालयाच्या तळघरात चित्रांना चौकटी बसवत होती. चौकट करणारा माणूस आधी खालची पट्टी कापतो, मग बाजूच्या. त्यामुळे त्याच्या तोंडी आडवं माप आधी आणि उभं नंतर. वरच्या मजल्यावर, नोंदवहीत, जाड पुस्तकांत आणि त्या मेल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र उभं आधी, आडवं नंतर. खिळेताईनं दहाही चित्रांची मापं पाव इंचाचा फरक न करता कागदावर लिहून दिली होती. बटणनं ती एका अंकाचा फरक न करता भरली होती. दोघींनी आपापलं काम चोख केलं आणि दोघींचं मिळून वाटोळं झालं.

सरांनी दुरुस्तीला आठवडा दिला. पुढच्या शनिवारी अंतिम सादरीकरण, आणि गुण द्यायला बाहेरून परीक्षक येणार. कोण येणार तेही त्यांनी सांगून टाकलं: वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहपाल मॅडम. ज्या बाईच्या डोळ्यात भरायचं म्हणून खिळेताईचा हा सगळा खटाटोप, तीच बाई फुगलेल्या खुर्चीसमोर येऊन उभी राहणार होती.

खटाटोप असा. वरच्या दालनांत मांडणी सहायकाची जागा निघाली होती. कोणतं चित्र कुठं लावायचं, कोणाच्या शेजारी कोण बसवायचं, भिंतीवर पाटीत काय लिहायचं, असं ते काम. खिळेताईला ते मनापासून हवं होतं. एकोणीस वर्षं तिनं चित्रं नटवून लिफ्टमधून वर पाठवली होती, आणि वर गेल्यावर त्यांचं काय करतात ते बघून तळमळली होती. कोळशाचं हातभर चित्र एका राजवाड्याच्या अगडबंब सोनेरी चित्राशेजारी टांगलेलं तिनं बघितलं त्या दिवशी तिचं जेवणात लक्ष लागलं नव्हतं. पण जागेला प्रमाणपत्राची अट होती. मग हा सहा महिन्यांचा शनिवारचा वर्ग. आणि वर्गाच्या शेवटी जोडीनं करायचा हा प्रकल्प: संगणकात एक खोटं दालन उभारायचं, त्यात एका विषयाची दहा चित्रं लावायची, प्रत्येकाखाली पन्नास शब्दांची पाटी. यात पास झालं तर प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असेल तरच त्यानंतरच्या सोमवारी मुलाखत.

खिळेताई हे नाव तळघरातल्या सुतारानं पाडलेलं. ती काम करताना बारीक खिळे ओठांत धरायची, लागेल तसा एकेक काढायची. ओठांत खिळे असले की बोलता येत नाही, आणि हा या धंद्याचा मोठा फायदा आहे असं तिचं मत होतं. बटणला बटण म्हणायचे, कारण ती मुलगी कुठलंही बटण दाबल्याशिवाय राहायची नाही. लिफ्टमध्ये शिरली तर सगळ्या मजल्यांवर दार उघडायचं. जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडल्या होत्या. चिठ्ठी उघडल्यावर दोघींनी एकमेकींकडे बघून जे हसू केलं ते अगदी सारखं होतं.

विषयावरून आधीच रामायण झालं होतं. बटणला 'एकटेपणा' हवा होता. तो तिच्याआधी तीन जोड्यांनी उचलला होता, म्हणजे वर्गातला एकटेपणा चांगलाच गर्दीचा झाला होता. मग 'प्रतीक्षा' सरांनीच सुचवला, तेही सातव्या क्रमांकाच्या चित्रावरून. वरच्या मजल्यावर त्या चित्राची पाटी आहे: 'बसलेली स्त्री. चित्रकार अज्ञात. लाकडी फळीवर तेलरंग. खिडकीकडे वळलेला चेहरा आणि शिथिल देह यांतून अनंत प्रतीक्षेचा भाव प्रकट होतो.' सर म्हणाले, या बाईला मध्यभागी ठेवा, बाकीची नऊ तिच्याभोवती गोळा करा, झालं प्रदर्शन.

आणि इथंच खिळेताईचं घोडं अडलं. कारण ती बाई कोणाची वाट बघत नव्हती, हे तिला माहीत होतं.

अकरा वर्षांपूर्वी ते चित्र जुनी चौकट कुजली म्हणून तळघरात आलं होतं. तिनं चौकट काढली, फळी उलटी केली, तर मागं पेन्सिलीनं दोन ओळी. अक्षर गोल, पोरसवदा. 'माझी आई. पाय दुखतात म्हणून बसवून काढली. उभी असती तर फळी पुरली नसती.' खाली मुलीच्या नावाची सही. खिळेताई एकटीच हसली होती आणि मग का कोण जाणे डोळे पुसले होते. ती वर जाऊन तिथल्या कारकुनाला म्हणाली, अहो, मागं लिहिलंय, नाव पण आहे. कारकुनानं कामाचा कागद तिच्यापुढं सरकवला. त्यावर लिहिलं होतं: नवी चौकट घालणे, मागील बाजू कागदाने बंद करणे. "लिहिलंय ते करा," तो म्हणाला, "वाचायचं काम वर होतं." वर ते झालं नव्हतं, कधी होणारही नव्हतं. पण तिनं चौकटीच्या मागच्या कडांना खळ लावली, तपकिरी कागद ताणून बसवला, वरून पट्टी मारली आणि पोरीची सही आत गेली. लोक तोंडात मिठाची गुळणी धरतात, हिनं खिळे धरले. वर्षांमागून वर्षं गेली. दोन ओळी जशाच्या तशा आठवत राहिल्या आणि नाव मात्र पुसून गेलं. कितीही डोकं खाजवलं तरी पहिलं अक्षरसुद्धा वर येईना. हेच तिला जास्त खात होतं.

सरांना तिनं हे सांगितलं होतं. ते वाईट माणूस नव्हते, पण हातात गुणांचा तक्ता आला की माणसाचे डोळे तक्त्याएवढेच होतात. त्यांनी विचारलं, पुरावा? ती म्हणाली, कागदाखाली आहे. मग कागद उघडून फोटो आणा, ते म्हणाले. नाहीतर नोंदवहीत जे आहे तेच पाटीवर लिहा. ऐकीव माहितीला गुण नसतात. ऐकीव नाही हो, माझ्या डोळ्यांनी वाचलेली आहे, असं ती म्हणणार होती, पण तोवर त्यांनी पुढच्या जोडीला हाक मारली होती.

सोमवारी खिळेताई दुपारच्या सुट्टीत वर गेली. कागद कापायचा, फोटो काढायचा, नवा कागद लावायचा. पाच मिनिटांचं काम, तेही तिनंच लावलेल्या कागदावर. पण परवानगीची चिठ्ठी हवी. संग्रहपाल मॅडम परगावी, शुक्रवारी येणार. त्यांच्या जागी तोच कारकून, आता डोक्यावर केस कमी आणि टेबल मोठं. त्यानं अर्ज दोनदा वाचला. कारणाच्या रकान्यात तिनं खरं ते लिहिलं होतं: वर्गाचा प्रकल्प.

"वर्गाच्या प्रकल्पासाठी संग्रहातली वस्तू फोडायची?"

"फोडायची नाही. मागचा कागद कापायचा."

"कागद कोणी लावला?"

"मीच."

"मग तुम्हीच लावलेला तुम्हीच कापणार. आणि पुढच्या सोमवारी मुलाखतीला तुम्हीच येणार ना?" तो अगदी प्रेमानं म्हणाला. "ताई, पाटी चुकीची आहे असं सांगत त्या दारातून आत जाऊ नका. ती पाटी लिहिली कोणी, माहीत आहे?"

तिला माहीत नव्हतं. त्यानं छताकडे बोट दाखवलं. छताच्या वर एकच खोली होती, आणि तिच्या दारावर संग्रहपाल असं लिहिलं होतं.

जिना उतरताना खिळेताई स्वतःवरच चरफडत होती. कागद लावणारी ती, आणि आता कागद लावला म्हणून रडणारीही ती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. खाली येऊन तिनं चौकटीला खिळा मारला तो वाकडा गेला. दुसरा मारला, तोही वाकडा. सुतारानं मान वर करून बघितलं आणि शहाण्या माणसासारखा बाहेर विडी ओढायला गेला.

त्या आठवड्यात तिनं पाटी सात वेळा लिहिली. 'अनंत प्रतीक्षेचा भाव' असं लिहायची, आणि हात आपोआप खाली 'पाय दुखतात' लिहायला जायचा. बटणनं मापं उलटीपालटी करून चित्रं सरळ केली, आणि केली ती अशी की एका बटणासरशी सगळी एकाच मापाची झाली. हातभर कोळशाचं चित्र आणि भिंतभर राजवाडा, दोन्ही सख्ख्या जुळ्यांसारखी शेजारी शेजारी. खिळेताईनं डोक्याला हात लावला. "अगं, लहान चित्र लहान असतं म्हणून माणूस जवळ जातो. सगळंच सारखं केलंस तर कोणी कशाला हलेल जागचं?" बटण म्हणाली, यात कोणी हलतच नाही, खिळेताई, बसल्या जागी बघायचं असतं. मग दोघी फोनवर अर्धा तास मापांवरून भांडल्या, आणि मापं पुन्हा एकेक करून भरली, उभं आधी.

बुधवारी संध्याकाळी कामावरून आल्यावर तिनं टॅबलेट सासूबाईंच्या हातात दिला. हेतू काही थोर नव्हता. सासूबाई दिवसभर खुर्चीत बसून कंटाळायच्या, आणि त्या कंटाळल्या की सुनेच्या कामात लक्ष घालायच्या. गुडघे गेल्यापासून त्यांचं सगळं चालणं जिभेनं होत असे.

"हे काय?"

"प्रदर्शन आहे, आई. बोटानं पुढं सरकवलं की आपण दालनात चालतो."

"मी चालते? बरं झालं बाई, कोणीतरी चालवलं मला."

खिळेताई ओट्यापाशी भांडी विसळत होती आणि पाठीमागून टीका चालू होती. इथं फरशी फारच स्वच्छ आहे, पुसते कोण. घोड्यावरच्याचे नुसते खूर दिसतायत. होड्या कुठायत, मला तर पाणीच दिसतंय. खिळेताईनं वळून बघितलं. सासूबाईंनी बोट असं काही दाबलं होतं की नजर खाली झुकून जमिनीला टेकली होती, आणि त्या प्रत्येक चित्राचा फक्त खालचा काठ बघत दालनभर फिरत होत्या. नजर वर करा, आई, असं सांगायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "हिचे पाय दुखतायत."

खिळेताईच्या हातातली वाटी पाण्यात पडली.

"कोणाचे?"

"ही कोण आहे तिचे. सातवी. बघ ना, एक सपात काढून ठेवलीये आणि ते पाऊल दुसऱ्या पावलावर टेकवलंय. टाच बघ कशी उचललीये. मी नाही का संध्याकाळी बसत तशी? जमीन टोचते गं टाचेला. सुजलेत पण. घोट्याची खाचच नाही राहिलेली."

खिळेताई ओल्या हातांनीच टॅबलेटवर वाकली. चित्राचा खालचा भाग गडद तपकिरी, तिथं कोणी बघत नसे. उजेड सगळा खिडकीवर आणि चेहऱ्यावर. पण होतं. रिकामी सपात, कलती होऊन पडलेली. पावलावर पाऊल. एकोणीस वर्षं ही चित्रं तिच्या हातांखालून गेली होती, त्यांच्या मागच्या बाजू तिला पाठ होत्या, आणि ह्या बाईच्या समोरून तिनं कधी खाली बघितलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. कागदाखालचा पुरावा मागत ती दारोदार फिरत होती, आणि तो उघड्यावर रंगवून ठेवलेला होता.

"आणि तुम्ही लोक काय लिहिलंय, वाट बघतेय?" सासूबाईंनी पाटी वाचली. "वाट बघणारी बाई सपाता घालून बसते. उठायचं असतं तिला."

एवढं बोलून त्यांनी बोट पुढं रेटलं, जरा जास्तच रेटलं, आणि दालनाच्या भिंतीतून आरपार गेल्या. पलीकडं राखाडी, रिकामी पोकळी होती, आणि तिच्यात दहा चौकटींच्या मागच्या बाजू तरंगत होत्या, कोऱ्या. खिळा नाही, तार नाही, कागद नाही, काही नाही.

"भिंतीत शिरले की मी," सासूबाई म्हणाल्या. "इथं काहीच नाही गं. पुसायला नको म्हणून काही ठेवलंच नाही वाटतं."

खिळेताई हसली नाही. ती त्या कोऱ्या बाजूंकडे बराच वेळ बघत उभी राहिली. पाणी हातावरून टॅबलेटवर ठिबकत होतं, ते सासूबाईंनी पदरानं पुसलं आणि तिला ऐकवलंही.

दुसऱ्या दिवशी तिनं तळघरात येणाऱ्या चित्रांच्या फोटोंची जुनी फाइल काढली. चौकट बदलताना मागचा फोटो काढायचा नियम सहा वर्षांपूर्वी आला होता. दहापैकी नऊ चित्रं त्या सहा वर्षांत खाली येऊन गेली होती, त्यामुळे नवांच्या मागच्या बाजू मिळाल्या. शिक्के, चिठ्ठ्या, एकावर कोणाचा तरी हिशोब, एकावर पोरानं काढलेलं मांजर. सातव्याचा तिच्याकडे एकच फोटो होता: वर जाऊन भिंतीवरून पुढं कलवून, फटीतून काढलेला. त्यात दिसत होता तो तिचा स्वतःचा तपकिरी कागद.

बटणनं ऐकलं आणि खुर्ची फिरवणं थांबवलं. भिंतीमागं चित्रं लावता येतील, त्यात काही नाही, एका बटणाचं काम. पण तक्त्यात तसं कुठंच नाही. दहा चित्रं म्हणजे दहा. जास्तीच्या मांडणीला गुण जातात, हे सरांनी दोनदा सांगितलंय. "आणि तुमची सोमवारची मुलाखत?" तिनं विचारलं. "पाटी मॅडमनी लिहिलीये म्हणता. त्यांच्याच समोर त्यांचीच पाटी खोडायची?"

"खोडत नाही. पुढं पाय लिहायचे, मागं कागद लिहायचा."

"म्हणजे तेच."

"म्हणजे तेच," खिळेताईनं कबूल केलं. मग म्हणाली, "तुला नको असेल तर नको. गुण दोघींचे जाणार. तू नाही म्हणालीस तर मी 'अनंत प्रतीक्षा' लिहीन, शप्पथ."

बटणनं पडद्यावर त्या बाईला मोठं केलं. आधी चेहरा, मग हात, मग खाली. पायांशी येऊन थांबली. बराच वेळ तिनं काहीच दाबलं नाही, आणि हे खिळेताईनं सहा महिन्यांत पहिल्यांदाच बघितलं.

"माझी आजी पण असंच करते," ती म्हणाली. "लिहा."

शनिवारी संग्रहपाल मॅडम पहिल्या बाकावर बसल्या, करड्या केसांचा बारीक आंबाडा, हातात लाल पेन. सहा जोड्यांतले तीन एकटेपणा आणि सगळीकडचे निळे रंग बघून त्यांचं पेन जेमतेम हललं होतं. सातव्यांदा पडदा उजळला. या वेळी घोडेस्वार उंच होता, होड्या आडव्या होत्या, कोळशाचं चित्र इवलंसं होतं आणि त्याच्याजवळ जाण्यासाठी माउस पुढं सरकवावा लागत होता. बटणनं एकेक पाटी वाचली. सातवीपाशी तिनं माउस खिळेताईकडे दिला.

खिळेताईनं माउसनं पाटी मोठी केली. तिनं पाटी वाचली. 'एका वयस्कर बाईनं हे चित्र खालून वर बघितलं. त्यांच्या मते हिचे पाय दुखत आहेत. एक सपात काढलेली आहे, टाच जमिनीवरून उचललेली आहे. ही वाट बघत नसावी. हिला बसवलं आहे.'

सरांनी घड्याळाकडे बघितल्यासारखं केलं. मॅडमचं पेन थांबलं.

"या विषयात मग हे चित्र बसत नाही," त्या म्हणाल्या.

"नाही बसत," खिळेताई म्हणाली. "विषयच तिच्यावरून घेतला होता. पुढं बघा." आणि तिनं माउस रेटला. भिंत आली, भिंत गेली. वर्गात कोणीतरी 'अरे' म्हणालं. राखाडी पोकळीत मांजर होतं, शिक्के होते, आणि मधोमध तपकिरी कागदाचा एक चौकोन. त्याखालची पाटी तिनं वाचली नाही, वाचणं झालंच नसतं. मॅडमनी ती स्वतःच वाचली, ओठ न हलवता.

'ह्या कागदाखाली चित्रकाराची सही आणि दोन ओळी आहेत. मी त्या वाचल्या आणि त्यावर कागद लावला. नाव मला आठवत नाही. कागद लावणारी: मी.'

मॅडमनी लाल पेनानं तक्त्यात काहीतरी लिहिलं, तक्ता सरांकडे दिला आणि पुढची जोडी बोलवा म्हणाल्या. खिळेताई बाकावर येऊन बसली. बटण तिच्या कानात म्हणाली, बोलल्या नाहीत म्हणजे चांगलं की वाईट? खिळेताईला ठाऊक नव्हतं. ओठांत खिळे असल्यासारखं तिनं तोंड मिटून घेतलं.

संध्याकाळी निकाल लागला. शंभरात त्रेपन्न. विषयाशी विसंगती: दहा गुण वजा. मर्यादेबाहेरची मांडणी: पंधरा वजा. पास व्हायला पन्नास लागत होते. सासूबाईंनी त्रेपन्न ऐकलं आणि म्हणाल्या, "त्यातले पन्नास माझ्या पायांचे." पण खिळेताईला आनंद काही होईना. प्रमाणपत्र हातात आलं होतं, आणि ज्या दारातून आत जायचं त्या दारावर आपणच डोकं आपटून आलो, असं तिला वाटत राहिलं. रविवारभर ती घरात उगाच वस्तू इकडून तिकडं ठेवत होती. नवऱ्यानं एकदा विचारलं, काही हरवलंय का. ती म्हणाली, हो, एक नाव.

मुलाखत सोमवारी अकराला होती. खिळेताई नऊ वाजता तळघरात आली, कारण काम होतंच. सुतार यायचा होता. तिनं चौकटीची पट्टी यंत्रात धरली, खिळे ओठांत घेतले, आणि लिफ्टचं दार उघडलं.

संग्रहपाल मॅडम आत आल्या. एकोणीस वर्षांत त्या इथं आल्या असतील तर खिळेताई सुट्टीवर असताना आल्या असतील. त्यांच्या काखेत, जुन्या चादरीत गुंडाळलेलं, चित्र होतं. ते त्यांनी टेबलावर पालथं ठेवलं. वर एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर एकच शब्द आणि सही: 'उघडावे.'

खिळेताईनं खिळे काढून बशीत ठेवले. पातं आधी तिनं आपल्या अंगठ्यावर टेकवून बघितलं. चौकटीच्या आतल्या कडेनं तिनं पातं फिरवलं: खाली, डावीकडे, वर, उजवीकडे. पाच मिनिटंही लागली नाहीत. कागद झाकणासारखा उचलला गेला. आत अकरा वर्षांची बारीक धूळ, आणि फळीवर त्या ओळी होत्या. पेन्सिल जरा फिकट झाली होती. बाकी जशाच्या तशा.

मॅडम वाकल्या. त्यांनी वाचलं. 'फळी पुरली नसती' पाशी त्यांच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला. मग त्यांनी सहीवर दिवा ओढला आणि नाव मोठ्यानं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. खिळेताईला ते ऐकताच आठवलं, आणि ते आपण कसं विसरलो याचंच नवल वाटलं. इतकं साधं नाव होतं.

"ती पाटी मी लिहिली तेव्हा तीस वर्षांची होते," मॅडम म्हणाल्या. "तेव्हा माझे पाय दुखत नव्हते." त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "मला का नाही सांगितलंत?"

"वर सांगितलं होतं."

"कारकुनाला."

"वर म्हणजे माझ्यासाठी तेच होतं, मॅडम."

मॅडमनी कापलेला कागद उचलून बघितला आणि विचारलं, असे किती आहेत? खिळेताईनं तळघरातल्या मांडण्यांकडे बघितलं, वरच्या छताकडे बघितलं. मोजले नाहीत, ती म्हणाली. पण कागद बहुतेक मीच लावलेत, त्यामुळे सापडतील.

"अकराला मुलाखत आहे तुमची. तोवर जेवढे आठवतील तेवढ्यांची यादी करा आणि घेऊन या. आणि एक सांगून ठेवते, त्रेपन्न गुण मीच दिलेत, त्यात बदल होणार नाही. मर्यादा म्हणजे मर्यादा. बाकीच्या उमेदवारांचे ऐंशीच्या वर आहेत."

"बरं," खिळेताई म्हणाली. तिला राग यायला हवा होता, आणि आलाही थोडा.

मॅडम गेल्या नाहीत. स्टूलवर बसून फळीच्या मागच्या बाजूकडे बघत राहिल्या. खिळेताईनं कपाटातून कोरा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिलं चित्र आठवून त्याचं नाव लिहिलं. मग माप लिहायला हात टेकवला आणि थांबली.

"मॅडम, आडवं आधी लिहू की उभं?"

"उभं," मॅडम म्हणाल्या. मग फळीकडे बघूनच म्हणाल्या, "तुम्ही कसं लिहिता?"

"आडवं."

"मग दोन्ही लिहा. आणि कोणतं कोणतं ते शेजारी लिहा."

खिळेताईनं लिहिलं. दहा वाजत आले होते आणि यादी अजून एकाच चित्रावर होती.